‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळालीच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळ नाशिकरोडचा. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ऑफिसात एक बाई प्रिंटरला थापट्या मारत म्हणाल्या की हा आज डूलॅली झालाय, आणि मी चहा सांडता सांडता राहिलो. तेव्हापासून ही गोष्ट जिथे सांगतो तिथून प्रश्न येतात, तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. घाई असेल तर १, ४ आणि ६ वाचा, बाकीचं सावकाश.

१. डूलॅली म्हणजे नक्की काय?

ब्रिटिश बोलीतला शब्द आहे. माणसाबद्दल म्हटलं तर डोकं फिरलेला, सटकलेला, जरा चक्रम. यंत्राबद्दल म्हटलं तर बिघडून भलतंच काहीतरी करणारं. त्याचं पूर्ण जुनं रूप ‘डूलॅली टॅप’, आणि ते विशेषण नव्हतं तर चक्क एका आजाराचं नाव असल्यासारखं वापरायचे, ‘त्याला डूलॅली टॅप झालाय’ असं, आपण मलेरिया झालाय म्हणतो तसं. आज हा शब्द वापरणाऱ्या दहातल्या नऊ इंग्रजांना तो एका गावाच्या नावावरून आलाय हे माहीत नसतं असा माझा अनुभव आहे, मोजदाद काही केलेली नाही.

२. उच्चार काय करायचा? डुलाली, डोलाली, डूलॅली?

डू-लॅ-ली, जोर मधल्या ‘लॅ’वर. स्पेलिंग डी, डबल ओ, एल, ए, डबल एल, वाय. जुन्या लिखाणात ‘डू’नंतर आडवी रेघ देऊनही लिहिलेलं सापडतं. एकच एक पक्कं स्पेलिंग बसायला वेळ लागला, कारण शब्द तोंडातोंडी फिरला आणि कागदावर उशिरा आला (प्र. ८ बघा).

३. खरंच देवळालीवरून आलाय का, की ही पण व्हॉट्सअॅपवरची गोष्ट?

तुमचा संशय रास्त आहे, कारण इंग्रजी शब्दांच्या उगमाच्या निम्म्या गोष्टी थापा असतात. ही मात्र खरी आहे, इंग्रजीचे मोठे शब्दकोश हीच व्युत्पत्ती देतात. नाशिकजवळची देवळाली, तिथली ब्रिटिश फौजेची छावणी, आणि छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी गावाच्या नावाचं केलेलं भरीत.

भरीत कसं झालं तेही बघा. मूळ नाव देवळाली. इंग्रजाच्या तोंडात ‘ळ’ नाही, त्यामुळे तो पहिल्याच फटक्यात ‘ल’ झाला. स्पेलिंगमध्ये ‘देव’चं ‘देओ’ झालं, शिपायाने घाईत ते ‘डिओ’ आणि मग ‘डू’ केलं. ‘लाली’चं ‘लॅली’. आणि इंग्रजी कानाला ही ‘लॅली’ आपोआपच पोरकट, गाण्यातल्या लाला-लालासारखी वाटते, म्हणजे वेडेपणाला अगदी फिट. मला तर वाटतं छावणी मनमाडला असती तर हा शब्द कधी झालाच नसता.

४. पण देवळालीत असं काय होतं की माणसं वेडी व्हायची? तिथली हवा तर चांगली आहे!

हवा चांगलीच आहे, म्हणून तर मुंबईच्या पारशांनी तिथे बंगले आणि सॅनेटोरियम बांधली. प्रॉब्लेम हवेचा नव्हता. वाट बघण्याचा होता.

छावणी १८६१ ची. मुंबई बंदरापासून साधारण १८० किलोमीटर आत, घाट चढून पठारावर. १८६५ ला थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर तर बंदरातून तिथे पोचणं सोपंच झालं. विलायतेहून आलेले शिपाई मुंबईत उतरले की आधी इथे, मग इथून आपापल्या पलटणीत. आणि नोकरी संपलेले परत जाताना पुन्हा इथेच जमा व्हायचे, जहाजाची वाट बघत. म्हणजे थोडक्यात शिपायांचं एसटी स्टँड.

आता गंमत अशी की फौजेची जहाजं वर्षभर चालायची नाहीत. साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम, कारण त्यानंतर तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि मग आपल्याकडचा पावसाळा, भरगच्च जहाजात शेकडो माणसं कोंबून त्यातून नेणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. १८६६ पासून या कामाला पाच खास जहाजं होती, क्रोकोडाईल, युफ्रेटिस, जमुना, मलबार आणि सेरापिस. हो, जमुना आणि मलबार नावाची ब्रिटिश जहाजं. आता समजा तुमची नोकरी हंगाम संपता संपता संपली आणि शेवटचं जहाज हुकलं, तर बसा महिनोन्‌महिने. वर १८७० च्या कायद्याने शिपायाची १२ वर्षांची सेवा काही वर्षं फौजेत आणि उरलेली राखीव दलात अशी विभागली, म्हणजे थोडी थोडी वर्षं करून घरी जाणाऱ्यांची वर्दळही वाढली.

आणि या काळात काम काय? जवळपास काहीच नाही. परेड नाही, ड्युटी नाही, पलटण मागे राहिलेली, घर लांब. फ्रँक रिचर्ड्स नावाचा रॉयल वेल्श फ्युझिलियर्सचा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता, त्याने १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नाही अशी माणसं इथे येऊन रिकामपणात बिघडायची, लफडी करून तुरुंगात जायची, कुणी गुप्तरोग घेऊन हॉस्पिटलात, आणि काहींची डोकी खरंच फिरायची. बाकी दारू, ऊन आणि मलेरियाचे डास होतेच.

मला यात सगळ्यात पटतं ते हे की हा शब्द लढाईतून नाही आला. कुणी तोफेच्या आवाजाने वेडा झाला नाही. घरी जायची तारीख ठरलीये पण गाडी येत नाहीये, यातून आला. सुट्टीत रिझर्व्हेशन वेटिंगवर असताना प्लॅटफॉर्मवर बसलेल्या माणसाची जी मनःस्थिती असते ना, ती चार-पाच महिने ताणा.

५. पण मी वाचलंय की देवळालीत वेड्यांचं हॉस्पिटल होतं, त्यावरून नाव पडलं?

हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि का लिहितात तेही कळतं, कारण सगळीकडे तसंच असतं. लंडनच्या बेथलेम हॉस्पिटलवरून इंग्रजीत ‘बेडलम’ म्हणजे गोंधळ-गोंगाट हा शब्द आला. आपल्याकडे कुणी सटकला की ‘याला ठाण्याला पाठवा’ नाहीतर ‘येरवड्याला’, उत्तरेत आग्रा किंवा रांची. त्यामुळे देवळालीचंही तसंच असणार असं लोक धरून चालतात.

पण शिपायांची स्वतःची गोष्ट हॉस्पिटलची नाहीच, ती छावणीतल्या रिकामपणाची आहे, प्र. ४ मध्ये सांगितली तीच. देवळालीत लष्करी दवाखाना होता, आजारी शिपाई तिथे असायचे. खरोखर मानसिक आजार झालेल्या शिपायांना मात्र मायदेशी पाठवायचे, साउथहॅम्प्टनजवळ नेटली इथल्या अवाढव्य लष्करी हॉस्पिटलात त्यांच्यासाठी १८७० पासून ‘डी ब्लॉक’ नावाची वेगळी इमारत होती. म्हणजे शब्दाला जर हॉस्पिटलवरूनच यायचं असतं तर ‘तो नेटली झालाय’ असं म्हणाले असते.

६. ‘टॅप’ म्हणजे नळ का? की डोक्यात मारलेली टपली?

नाही हो. ताप! आपला ताप. अंगात येतो तो.

हाच भाग मला सगळ्यात आवडतो. ‘डूलॅली टॅप’ म्हणजे शब्दशः ‘देवळालीचा ताप’, अख्ख्या वाक्प्रचारात इंग्रजी काहीच नाही, गाव आपलं आणि रोगही आपला, फक्त तोंड त्यांचं. सुरुवातीला शिपायाच्या डोक्यात खराखुरा मलेरियाचा ताप असणार, ज्यात माणूस बरळतो, मग तेच बरळणं ताप नसतानाही दिसलं की तेच नाव.

पुढे हिंदुस्थान न पाहिलेल्या इंग्रजाला ‘टॅप’ ऐकल्यावर नळ किंवा टपलीच आठवणार, आणि ‘डोक्यात टपली बसलेला’ म्हणजे वेडा हे त्याला चपखलही वाटतं. तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे.

आणि बघा, मराठीतही ताप एका जागी थांबला नाही. ‘डोक्याला ताप झालाय नुसता’ म्हणताना कुणी थर्मामीटर लावत नाही. एकच शब्द तिकडे गोऱ्या शिपायाबरोबर जाऊन वेडेपणा झाला आणि इकडे राहून कटकट झाला.

७. मग ‘टॅप’ हा इंग्रजीतला मराठी शब्द म्हणायचा का?

मोह होतो पण आवरा. शिपाई शिकायचा ती हिंदुस्तानी, म्हणजे बाजारात चालणारी हिंदी-उर्दू. तिच्यातही ताप आणि तप आहे, फारसीतही तापाला तप किंवा तब म्हणतात, संस्कृतातला ‘ताप’ तर सगळ्यांच्या घरचा. शब्दकोश हिंदुस्तानीचं नाव देतात आणि ते बरोबर आहे. मराठीचा हक्क ‘देवळाली’वर सांगा, तिथे कुणी वाद घालणार नाही. अस्सल मराठीतून गेलेले शब्द वेगळे आहेत, प्र. १३ बघा.

८. पहिल्यांदा छापून कधी आला?

शब्दकोशांत नेहमी दाखवतात ती नोंद १९२५ ची, फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशांच्या बोलीचा कोश काढला त्यातली. पण याचा अर्थ शब्द १९२५ ला जन्मला असा नाही. बराकीतली भाषा साहेब लोक कागदावर उतरवायचे नाहीत, पहिल्या महायुद्धात लाखो साधी माणसं फौजेत गेली आणि त्यांची बोली घरोघरी पोचली तेव्हा कुठे कुणाला वाटलं की हे गोळा करावं. बोलण्यात तो त्याच्या बराच आधीपासून होता.

९. मग अर्थ नेमका कसा कसा बदलत गेला?

एका दमात सांगतो. आधी तो एका ठिकाणी, एका परिस्थितीत होणारा त्रास होता, म्हणजे देवळालीत अडकलेल्या शिपायाला जे होतं ते. मग हिंदुस्थानात कुठेही असलेल्या शिपायाचं डोकं फिरलं तरी तेच म्हणायला लागले, पेशावरला असो की रंगूनला, गावाशी संबंध तुटला. मग हे शिपाई घरी गेले आणि शब्द पबमध्ये, कारखान्यात, स्वयंपाकघरात गेला, तिथे फौजही सुटली. या प्रवासात ‘टॅप’ गळून पडला, कारण त्याचा अर्थ कळणारं कुणी उरलं नव्हतं आणि एकटं ‘डूलॅली’ही पुरेसं मजेशीर वाटत होतं. टॅप गेला तसं व्याकरणही बदललं, ‘त्याला डूलॅली टॅप झालाय’ ऐवजी ‘तो डूलॅली झालाय’. आजाराचं नाव होतं ते माणसाचं विशेषण झालं.

आणि मग धार बोथट होत गेली. आधी खरा वेडा, मग चक्रम, मग विसरभोळी आजी, मग सेलमध्ये खरेदीला तुटून पडलेली गर्दी, आणि शेवटी माझ्या ऑफिसातला प्रिंटर. ‘वेड लागलं’चं आपल्याकडे हेच झालंय की, क्रिकेटचं वेड म्हटल्यावर कुणी डॉक्टरला फोन करत नाही.

१०. बीबीसीवर देवळालीवर सिरियल होती म्हणे?

होती. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, १९७४ ते १९८१. दुसऱ्या महायुद्धातल्या देवळालीच्या छावणीतली, सैनिकांसाठी नाटकं-गाणी करणाऱ्या तोफखान्याच्या कलापथकाची कॉमेडी. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः त्या काळात देवळालीत अशा पथकात होता. पुढच्या भागांत सगळी मंडळी बर्मात जातात. शूटिंग मात्र सगळं इंग्लंडमध्ये, त्यामुळे बॅकग्राउंडला ओळखीची टेकडी शोधू नका. हिंदुस्थानी बेअरर रंगी रामचं काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केलं (झाशीला जन्मलेला, उर्दू येणारा होता, तरीपण), आणि एकूण विनोद आज अंगावर येतात, म्हणून बीबीसी ती आता सहसा दाखवत नाही. देवळालीचं नाव ब्रिटनच्या घराघरात गेलं हे खरं, पण शब्द सिरियलमुळे आला असं काही जण म्हणतात ते चूक, तो पन्नासेक वर्षं आधीच कोशात होता.

११. पुण्या-मुंबईत ‘डूलॅली’ नावाचं बीअरचं ठिकाण आहे, त्याचा काही संबंध?

आहे ना, नाव तिथूनच. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालं, नंतर मुंबईत शाखा. बीअर जिथून सोडतात त्या तोटीलाही टॅप म्हणतात आणि अशा जागेला टॅपरूम, त्यामुळे ‘डूलॅली टॅपरूम’ म्हटलं की जुना वाक्प्रचार आपोआप पुरा होतो. प्र. ६ मध्ये ज्या नळाला मी हाकलला तो असा मागच्या दाराने परत आला.

१२. देवळाली नक्की कुठली? राहुरीजवळ पण एक आहे, आणि राजस्थानातल्या कैद्यांच्या छावणीचं काय?

हा घोळ फार होतो, अगदी इंग्रजी लेखांतसुद्धा.

शब्द आला तो देवळाली कॅम्पवरून, आजचं छावणी मंडळ, लॅम रोड, तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं स्कूल ऑफ आर्टिलरी वगैरे सगळं तिथेच. सावरकरांचं भगूर त्याला खेटून. रेल्वेचं देवळाली स्टेशन पण कॅम्पचंच. नाशिकरोडला लागून जे ‘देवळाली गाव’ आहे ते वेगळं, मूळ गाव ते, रिक्षावाल्याला नुसतं देवळाली सांगितलं तर तो ‘कॅम्प की गाव’ विचारणारच.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यात, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही.

आणि राजस्थानातली ती देवली. तिथे दुसऱ्या महायुद्धात राजकीय कैदी, जयप्रकाश नारायण वगैरे, आणि जपानी नागरिक ठेवले होते आणि १९६२ च्या युद्धावेळी भारतातल्या चिनी लोकांना. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन-तीन अक्षरांचाच फरक आहे म्हणून कुणीतरी चिकटवून देतं. तिथे डांबलेल्यांचा त्रास खरा होता, पण डूलॅली त्यांच्यामुळे नाही.

१३. असे अजून कुठले शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेले?

मोठा विषय आहे, थोडेच सांगतो. शिपायांनी नेलेले: ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, हा विलायतीचा अपभ्रंश, आणि पहिल्या महायुद्धात तर घरी पाठवण्याइतपत लागलेल्या जखमेलाच ब्लायटी म्हणायला लागले. ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, खूश-वरून. ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं, देखोवरून. ‘पगल्ड’ म्हणजे डोकं गेलेला, पागलवरून, म्हणजे वेडेपणासाठी एकाच देशातून दोन दोन शब्द नेले, सामान जास्तच झालं म्हणायचं. मराठीतून गेलेला म्हणजे ‘मुंगूस’, पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत पोचला. ‘डंगरी’ या जाड कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडतात.

१४. इंग्रजी बोलताना मी हा शब्द वापरू का? क्लायंटसमोर?

ब्रिटिश किंवा आयरिश माणसासमोर गप्पांत, वस्तूबद्दल किंवा स्वतःबद्दल, खुशाल. अमेरिकन माणसाला बहुधा कळणारच नाही, त्याला आधी देवळाली समजवावी लागेल. कुणाच्या खऱ्या मानसिक आजाराबद्दल मात्र नको, तिथे तो हलकट वाटतो. डिमेन्शिया झालेल्या सासऱ्यांबद्दल त्यांचाच जावई हसत हसत म्हणतो तेव्हा चालतं, तुम्ही म्हटलंत तर चालणार नाही. आणि लेखी ईमेलमध्ये टाळाच, जुनाट पण वाटतो.

१५. देवळालीच्या लोकांना राग येत नाही का?

माझ्या ओळखीत तरी नाही, बहुतेकांना हा शब्दच माहीत नाही. सांगितलं की आधी हसतात. माझे एक काका, आयुष्य कॅम्पात गेलं, ते ऐकून म्हणाले, ‘वेडे ते झाले आणि नाव आमचं खराब होय रे?’ मला त्यात तथ्य वाटतं. त्याच छावणीत धोबी, भिश्ती, खानसामे, बाजारातले दुकानदार बारा महिने राहत होते, तेच ऊन, तेच डास, पण त्यांना जहाज पकडून कुठे जायचंच नव्हतं. त्यांच्या तापाला कुणी नाव दिलं नाही.

१६. मराठीत भाषांतर काय करायचं? मी एक कादंबरी भाषांतरित करतेय, अडकलेय.

काळ बघा, एकच शब्द सगळीकडे चालणार नाही. पात्र १९०० च्या आसपासचं शिपाई असेल आणि ‘डूलॅली टॅप’ म्हणत असेल तर सरळ ‘देवळालीचा ताप’ लिहा, भाषांतर म्हणजे त्याला घरीच परत आणणं आहे. हल्लीचं पात्र शेजाऱ्याबद्दल बोलत असेल तर ‘सटकलाय’, ‘डोकं फिरलंय’, विदर्भातलं पात्र असेल तर ‘पागल झाला बे’. म्हाताऱ्या माणसाबद्दल प्रेमाने असेल तर ‘भ्रमिष्टासारखं करतात’ जड होतं, ‘आताशा जरा इकडचं तिकडे होतं त्यांचं’ बरं वाटेल. आणि प्रिंटरबद्दल असेल तर ‘येड्यासारखं करतोय’.